पांढऱ्या रेघांची कॅसेट

अमळनेर तालुक्यातील आमचे धाब्याचे घर यंदा उन्हाळ्यात उतरवायचे ठरले. सामान हलवण्यासाठी मी भुसावळहून गेलो, तेव्हा मधल्या खणातील फडताळात, पितळी डब्यांच्या मागे, आजीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट मला सापडली. तिच्यावर इंग्रजीत ‘डेंजरस: द शॉर्ट फिल्म्स’ असे छापलेले होते आणि खाली माझ्याच शाळकरी अक्षरात ‘कोणीही नेऊ नये’ असे लिहिलेले होते. आमचा व्हिडिओ कॅसेट प्लेअर, म्हणजे सगळे म्हणत तो व्हीसीपी, २००३ साली कायमचा बंद पडला. त्यानंतर आईने घरातील सगळ्या कॅसेट गावी पाठवल्या होत्या. बाकीच्या कोणी कोणी नेल्या, ही मात्र राहिली.

मायकल जॅक्सनचा ‘डेंजरस’ हा अल्बम २६ नोव्हेंबर १९९१ रोजी प्रकाशित झाला आणि त्यातील नऊ गाण्यांच्या चित्रफितींचा हा संग्रह १९९३ मध्ये घरगुती व्हिडिओच्या रूपात आला. संग्रहाच्या नावातील ‘शॉर्ट फिल्म्स’ हे शब्द शोभेसाठी घातलेले नाहीत. आपल्या चित्रफितींना ‘म्युझिक व्हिडिओ’ न म्हणता लघुपट म्हणावे असा जॅक्सनचा आग्रह होता आणि त्या आग्रहाला साजेसे दिग्दर्शक तो निवडत असे. या एका कॅसेटवर जॉन लँडिस आहे, जॉन सिंगलटन आहे, छायाचित्रकार म्हणून गाजलेला हर्ब रिट्स आहे आणि पुढे चित्रपटांत मोठे नाव मिळवलेला डेव्हिड फिंचरही आहे. आम्हाला त्या वेळी यांपैकी एकही नाव ठाऊक नव्हते. प्रत्येक गाण्याचा रंग, उजेड आणि चाल वेगळी आहे एवढे मात्र आम्हाला नीट कळत होते.

घरगुती व्हिडिओ आणि जॅक्सन यांचे नाते याच्याही आधीचे आहे. १९८३ साली लँडिसनेच दिग्दर्शित केलेला ‘थ्रिलर’ हा सुमारे चौदा मिनिटांचा लघुपट करायचा ठरला, तेव्हा एवढा खर्च करायला रेकॉर्ड कंपनी राजी नव्हती. म्हणून चित्रीकरणाच्या पडद्यामागची हकिकत सांगणारा एक माहितीपट सोबतच तयार करण्यात आला आणि त्याचे हक्क दूरचित्रवाणी वाहिन्यांना व एका व्हिडिओ कंपनीला विकून पैसा उभा करण्यात आला. त्या माहितीपटाच्या कॅसेट प्रचंड खपल्या. गाणे लोक ऐकतात आणि टीव्हीवर फुकट पाहतातही, पण ते विकत घेऊन घरी ठेवण्याचीही त्यांची तयारी असते, हे त्यामुळे सिद्ध झाले. ‘डेंजरस’चा संग्रह त्याच वाटेने आला. मला हे फार मोलाचे वाटते, कारण घरी ठेवता येण्यानेच आमच्यासारख्यांचा या कलेशी खरा संबंध आला.

वडील भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात होते आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत असू. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही ही गाण्यांची वाहिनी भारतात आली. आमच्या वसाहतीत केबलची तार पोहोचायला आणखी दोन वर्षे लागली. केबलवर जॅक्सनचे गाणे केव्हा लागेल याचा नेम नसे. ते लागले की मधेच वीज जाई, किंवा केबलवाला चित्रपट लावण्यासाठी वाहिनीच बदलून टाकी. मी ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ असे तुकड्यातुकड्यांनी किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही. अखंड मात्र एकदाही पाहिले नव्हते आणि अखंड पाहिलेले नाही हेही मला माहीत नव्हते.

हा संग्रह पहिल्यांदा माझ्या हाती आला तो १९९४च्या मे महिन्यात, एका वर्गमित्राच्या मामांनी अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटच्या रूपात. भर दुपारी, खिडक्यांना ओले पडदे लावून आम्ही सहा जण टीव्हीसमोर बसलो, कॅसेट आत सरकवली आणि पडद्यावर एक करडे, वर वर पळणारे चित्र उमटले. आवाजही आला, पण तो एखाद्या थकलेल्या माणसाच्या बोलण्यासारखा जड आणि संथ होता. कॅसेट खराब आहे असे समजून आम्ही व्हीसीपीचे झाकण काढले, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कोऱ्या नोटेने टेपवरचे चित्र वाचणारे हेड पुसले, ट्रॅकिंगचे बटण पिळून पाहिले. कशाचाही उपयोग झाला नाही. संध्याकाळी स्टेशनजवळच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तेव्हा तिथल्या काकांनी कॅसेट नुसती उलटून पाहिली आणि ‘ही एनटीएससी आहे, आपल्याकडे पाल लागते’ असे सांगितले.

त्यांनी त्या दिवशी जे समजावले, ते मी वहीत लिहून ठेवले होते. भारतात आणि आखाती देशांत वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत चित्र ६२५ रेषांचे असते आणि सेकंदाला २५ चौकटी दिसतात. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत रेषा ५२५ आणि चौकटी सुमारे ३०. शिवाय टेप सरकण्याचा वेगही निराळा: त्यांची टेप सेकंदाला ३३.३५ मिलिमीटर पुढे जाते, आपली २३.३९ मिलिमीटर. म्हणजे आमचा व्हीसीपी ती टेप तिच्या मूळ वेगापेक्षा हळू ओढत होता, म्हणून आवाज जड येत होता, आणि रेषा व चौकटींचा हिशेब जुळत नसल्याने चित्र स्थिर होत नव्हते. कॅसेट निर्दोष होती, यंत्रही निर्दोष होते. दोघांची भाषा वेगळी होती एवढेच.

माझे मावसकाका तेव्हा मस्कतला नोकरी करत होते. मी त्यांना एक पानभर पत्र लिहिले, त्यात कॅसेटचे नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत काढले आणि खोक्यावर ‘पाल’ लिहिलेले असल्याची खात्री करूनच घ्यावी अशी तीनदा विनंती केली. दिवाळीत काका आले. फराळ अजून ताटातच होता आणि मी त्यांच्या बॅगेजवळ उभा होतो. आईने ‘आधी पाया पड त्यांच्या’ म्हणून दटावल्याचे मला अजून आठवते.

त्या रात्री आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-बावीस माणसे बसली होती. गावाहून आजी दिवाळीला आलेली होती, तीही होती. ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ सुरू झाले. हे गाणे १४ नोव्हेंबर १९९१ रोजी अनेक देशांत एकाच वेळी दाखवले गेले होते आणि त्याचा पुष्कळ बोलबाला झाला होता, तो मुख्यतः शेवटाकडच्या चेहऱ्यांमुळे. एक चेहरा गाता गाता दुसऱ्यात विरघळतो, पुरुषाची बाई होते, गोऱ्याचा काळा होतो, आणि कुठेही सांधा दिसत नाही. संगणकाने केलेली ही करामत त्या काळी नवलाची होती. आमच्या खोलीत मात्र पहिला गलका त्याच्या आधीच झाला. धावत्या मोटारींच्या मधोमध, कारखान्याच्या धुरात, एक ओडिसी नर्तकी जॅक्सनसोबत नाचते, तिला पाहून आई एकदम पुढे सरकली आणि म्हणाली, ‘ही आपल्याकडची आहे ना रे?’ तिने ते दृश्य पुन्हा लावायला सांगितले. त्या कॅसेटवर मागे घेऊन पाहिलेले पहिले दृश्य ते.

मग चेहरे आले, ते संपले, आणि गाणे संपले असे समजून मी बटणाकडे हात नेला. केबलवर ते तिथेच संपत असे. पण कॅसेट पुढे चालू राहिली. कॅमेरा मागे आला, चित्रीकरणाचा सेट आणि दिग्दर्शक दिसला, आणि एक काळा बिबट्या शांतपणे त्या सेटवरून निघून पायऱ्या उतरून अंधारात गेला. मला वाटले, कोणीतरी याच्यावर दुसराच चित्रपट भरलेला आहे, कारण भाड्याच्या कॅसेटमध्ये असे नेहमी होत असे. तेवढ्यात त्या बिबट्याचा जॅक्सन झाला आणि ओल्या, रिकाम्या रस्त्यावर तो नाचू लागला. त्या नाचाला संगीत नव्हते. वाऱ्याचा आवाज, बुटांचा आवाज, पाण्याचा आवाज आणि त्याचे स्वतःचे हुंकार, बाकी काही नाही. खोलीतील सगळे गप्प झाले. कोणाला वाटले आवाज गेला, म्हणून एकाने टीव्हीचा आवाज वाढवला, आणि बुटांची टाच दगडावर घासल्याचा आवाज इतका मोठा आला की लहान मुले दचकली. तेव्हा आजी आपल्या अहिराणीत म्हणाली, ‘वाजा नही, गाजा नही, तरी बी हाऊ नाची राह्यना!’

त्या नाचावर नंतर मी इंग्रजीतील बरेच काही वाचले. आजीच्या त्या वाक्याइतके नेमके मला कुठे सापडले नाही. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवीची मिरवणूक निघते, लग्नात बँड असतो, रात्रीच्या जागरणाला डफ आणि संबळ असते, आणि नाचणारा माणूस वाजवणाऱ्याच्या आधाराने नाचतो. आजीने आयुष्यभर तसाच नाच पाहिला होता. म्हणून या नाचात काय काढून टाकले आहे ते तिला क्षणात दिसले. ताल बाहेरून येत नाही, तो त्या माणसाच्या अंगातच आहे, आणि ऐकणाऱ्याला तो पायांच्या आवाजातून शोधावा लागतो.

हा भाग टीव्हीवर का नव्हता, त्याचे कारण मला फार नंतर समजले. त्या चार मिनिटांत जॅक्सन एका मोटारीच्या काचा फोडतो, दुकानाची काच फोडतो, स्वतःचे कपडे फाडतो. पहिल्या प्रक्षेपणानंतर पालकांनी यावर मोठी हरकत घेतली, जॅक्सनने माफी मागितली आणि तो भाग प्रक्षेपणातून काढण्यात आला. नंतर तयार झालेल्या एका आवृत्तीत त्या काचांवर वर्णद्वेषी घोषणा रंगवलेल्या दिसतात, म्हणजे हा राग कशावरचा आहे ते प्रेक्षकाला कळावे. माझ्या मते त्या घोषणांची गरज नव्हती. आधीच्या सात मिनिटांत सगळे रंग, सगळे देश हसतखेळत एकत्र नाचतात, आणि त्यानंतर एकटा माणूस अंधारात हे असे नाचतो. दोन्ही भाग सलग पाहणाऱ्याला अर्थ सांगावा लागत नाही. तो सलग पाहण्याचा मार्ग मात्र त्या काळात घरगुती कॅसेट हाच होता, आणि म्हणून मी या संग्रहाला गाण्यांची जाहिरात मानायला तयार नाही.

बाकीच्या गाण्यांपैकी ‘हील द वर्ल्ड’ आणि ‘विल यू बी देअर’ आम्ही आदराने, पण क्वचित पाहिली. ‘गॉन टू सून’ हे रायन व्हाइट या अमेरिकेतील मुलाच्या आठवणीसाठी आहे. हिमोफिलियाच्या उपचारातून त्याला एचआयव्हीची लागण झाली आणि १९९० मध्ये, अठराव्या वर्षी, तो गेला. ‘इन द क्लोझेट’ घरात मोठी माणसे नसतानाच पाहता येत असे. ‘जॅम’मध्ये बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन आहे आणि जॅक्सन त्याला नाचाचे पाऊल शिकवतो. एवढा मोठा खेळाडू, पण त्याचे पाय चुकतात आणि तो हसतो, हे पाहून आम्हाला फार धीर आला, कारण आम्ही स्वतः त्याच प्रयत्नात होतो.

जानेवारी १९९५च्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही चौघांनी ‘रिमेंबर द टाइम’मधील समूहनृत्य करायचे ठरवले होते. जॉन सिंगलटनने हा नऊ मिनिटांचा लघुपट केला तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता, आणि त्याच सुमारास ऑस्करच्या दिग्दर्शन पुरस्कारासाठी नामांकन मिळालेला तो सर्वांत तरुण आणि पहिला आफ्रिकी अमेरिकी दिग्दर्शक ठरला होता. प्राचीन इजिप्तचा दरबार, अभिनेता एडी मर्फी राजा, मॉडेल इमान राणी, घोषणा करायला बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन, आणि फातिमा रॉबिन्सनने बसवलेला नाच, ज्यात हात भिंतीवरच्या चित्रांसारखे कोनात दुमडतात आणि खाली पाय मात्र आजच्या रस्त्यावरचे असतात. आम्हाला हा नाच शिकवणारे भुसावळात कोणी नव्हते. कॅसेट होती.

शिकायची पद्धत आम्हीच शोधली. एक जण व्हीसीपीजवळ बसे आणि ‘थांब’ म्हटले की पॉजचे बटण दाबे. पडद्यावर चित्र थरथरत उभे राही, त्यात मधेच एक गोंधळाचा पट्टा येई, त्याच्या वरचे हात आणि खालचे पाय पाहून आम्ही उभे राहत असू. मग दोन सेकंद पुढे, पुन्हा पॉज. नाचणारा आपल्याकडे तोंड करून असल्याने डावे-उजवे उलटे होत असे. चार दिवस सगळे चुकल्यावर माझ्या धाकट्या भावाला सुचले की कपाटाचा आरसा टीव्हीसमोर लावावा आणि पाठ फिरवून आरशातील चित्र पाहावे. त्यानंतर काम झपाट्याने झाले. वीज गेली की टेप आत ड्रमला गुंडाळलेलीच अडकून बसे, आणि वीज परत येईपर्यंत आम्ही अंधारात तोंडाने ताल म्हणत सराव करत असू.

पॉज दाबल्यावर यंत्रात काय घडते ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. टेप थांबते, पण हेड बसवलेला ड्रम थांबत नाही. पाल यंत्रात तो मिनिटाला १,५०० वेळा फिरतच राहतो. त्यावर दोन हेड असतात, म्हणजे एक मिनिट चित्र थांबवले तर टेपची तीच एक जागा ३,००० वेळा घासली जाते. टेपवरचा चुंबकीय लेप झिजतो आणि पुढे तिथे चित्रात पांढऱ्या रेघा व ठिपके उमटू लागतात. म्हणूनच बहुतेक यंत्रे काही मिनिटांनी पॉज आपोआप सोडून देत. आमचे यंत्र सोडून देई, आणि आम्ही पुन्हा दाबत असू.

स्नेहसंमेलनात नाच चांगला झाला. पुढच्या वर्षी कानबाईच्या मिरवणुकीत आमच्यातल्या एकाने बँडसमोर त्या नाचातली गिरकी घेतली आणि बँडवाल्यांनी ती पाहून ठेका बदलला. मला त्याचे स्नेहसंमेलनातील टाळ्यांपेक्षा अधिक अप्रूप आहे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी जॅक्सनचा कार्यक्रम मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. भुसावळहून मुंबईला रोज इतक्या गाड्या जातात, पण तिकिटाचे पैसे घरी मागण्याचे धाडस मला झाले नाही. त्या रात्री आम्ही कॅसेट लावली.

जॅक्सनवर झालेल्या आरोपांचा उल्लेख टाळून हे लिहिणे मला बरे वाटत नाही. हा संग्रह आला त्याच वर्षी, १९९३ मध्ये, त्याच्यावर बालशोषणाचा पहिला आरोप झाला. २००५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तो सर्व आरोपांतून निर्दोष सुटला. २००९ मध्ये तो गेल्यानंतरही नवे आरोप पुढे आले. ही सगळी माहिती असूनच मी आता ही कॅसेट पाहतो, आणि चौदाव्या वर्षीच्या निर्धास्तपणे ती मला पुन्हा पाहता येणार नाही.

गावाहून कॅसेट आणल्यावर मी ती जळगावच्या एका दुकानात दिली, जिथे लग्नाच्या जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतात. त्यांनी चौकोनी चित्र आजच्या रुंद पडद्याएवढे ताणून दिले, त्यामुळे सगळे नर्तक बुटके आणि जाडे दिसू लागले. मग मी एक जुना व्हीसीआर मिळवला, चित्र संगणकात घेणारे छोटे उपकरण घेतले आणि काम स्वतःच केले. इतकी वर्षे न फिरलेली टेप आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मोकळी करावी लागते, नाहीतर ती चिकटलेल्या जागी तुटते. मुंबईतील माझ्या मित्राच्या सगळ्या कॅसेटवर दमट हवेने पांढरी बुरशी आली होती. माझ्या कॅसेटवर बुरशीचा ठिपकाही नव्हता. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि तशा उन्हात टेप वाकडी होते, पण धाब्याच्या घराच्या दोन हात जाड मातीच्या भिंतीत कोरडेपणाही होता आणि गारवाही. ते घर आता नाही.

या गाण्यांच्या स्वच्छ प्रती आज सहज मिळतात. २०१० मध्ये जॅक्सनच्या लघुपटांचा तीन डीव्हीडींचा संच निघाला, आणि इंटरनेटवर तर सगळेच आहे. तरी मी रात्री उशिरापर्यंत बसून माझीच प्रत उतरवून घेतली आणि पडद्यावर ती सलग पाहिली. ‘रिमेंबर द टाइम’चा नाच सुरू झाला आणि पांढऱ्या रेघा येऊ लागल्या. हात दुमडतो तिथे रेघ, मान फिरते तिथे रेघ, ती गिरकी जिथे आम्हाला आठ दिवस जमली नाही तिथे तर चित्र अर्धे पुसलेले. ‘जॅम’मध्ये जॉर्डन चुकतो तिथे रेघ. ‘ब्लॅक ऑर व्हाइट’मध्ये ती नर्तकी वळते तिथे, आईने थांबवायला लावली होती तिथे, एक बारीक रेघ.

मग चेहरे संपले, बिबट्या पायऱ्या उतरला आणि तो बिनसंगीताचा नाच सुरू झाला. मी रेघेची वाट पाहत होतो. ती चार मिनिटे आम्ही किती वेळा पाहिली असतील, पण तिथे चित्र काकांनी मस्कतहून आणले तेव्हा होते तसेच निघाले. आम्ही तिथे एकदाही बटण दाबले नव्हते.